नव्या हृदयाची चाल आणि रक्तदाबाची वही

हृदय प्रत्यारोपणाची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो ती बहुधा एका रात्रीची असते. पोलिसांनी मोकळा करून दिलेला रस्ता, धावणारी रुग्णवाहिका, पहाटेपर्यंत चाललेली शस्त्रक्रिया आणि शेवटी 'रुग्णाची प्रकृती स्थिर' हे वाक्य. त्यानंतरची वर्षे बातमीत येत नाहीत. ती वर्षे घरात जातात आणि त्यांचा बराचसा भार रुग्णाच्या पत्नीवर, मुलावर, सुनेवर किंवा वृद्ध आईवडिलांवर असतो. या अंकात त्या वर्षांतील दोन गोष्टींविषयी लिहितो. एक व्यायाम आणि दुसरी रक्तदाब. नवे हृदय शल्यविशारद बसवतात. ते टिकवण्याचे रोजचे काम मात्र घरातच होते.

शस्त्रक्रियेपासून घरापर्यंत

जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्याच महाविद्यालयाशी संलग्न असे हे रुग्णालय. तो रुग्ण काही तासांतच दगावला. शल्यविशारदांचे कौशल्य कमी पडत नव्हते. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठी लागणारी प्रभावी औषधेच त्या काळी नव्हती.

१९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आले आणि चित्र पालटले. भारतात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका दात्याचे हृदय मुंबईला नेण्यात आले आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते यशस्वीरीत्या बसवले. आपला सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे प्रत्यारोपण झालेला रुग्ण आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असणे आता कल्पनेपलीकडचे राहिलेले नाही.

जगभरातील नोंदी पाहता, हृदय प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आज दहा वर्षांच्या पुढे जगतात. ही दहा किंवा अधिक वर्षे कशी जातील, हे ज्या बाबींवर अवलंबून असते त्यांत औषधांची नियमितता, रक्तदाब आणि अंगातील बळ यांचे स्थान फार वरचे आहे.

नव्या हृदयाचा स्वभाव

व्यायामाविषयी बोलण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बाकी सर्व सूचना तिच्यातूनच निघतात.

आपल्या हृदयाला मेंदूकडून दोन प्रकारचे मज्जातंतू येतात. काही लगाम खेचतात, काही टाच मारतात. आपण जिन्याची पहिली पायरी चढताच लगाम सैल होतो आणि हृदय लगेच वेग घेते. प्रत्यारोपणात दात्याच्या हृदयाचे हे सर्व तंतू कापले जातात. रक्तवाहिन्या शिवता येतात, पण हे सूक्ष्म तंतू शिवता येत नाहीत. काही रुग्णांत वर्ष-दोन वर्षांनी थोडे तंतू पुन्हा वाढतात. पण तेही अंशतःच.

याचे परिणाम असे होतात.

पहिला, लगाम नसल्यामुळे नव्या हृदयाची नाडी बसल्या जागीही जलद असते. मिनिटाला ९० ते ११० ठोके हे या रुग्णांत नेहमीचे आहे. शेजाऱ्याने मनगट धरून "अहो, तुमची नाडी पळतेय!" असे म्हटले तर घाबरू नये.

दुसरा, चालू लागताच हे हृदय वेग घेत नाही. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, ते रक्ताबरोबर हृदयापर्यंत पोहोचते आणि मगच ठोके वाढतात. यात काही मिनिटे जातात. तोवर पायांना रक्त हवे असते आणि हृदय अजून संथच असते. म्हणूनच एकदम उठून भराभर चालणाऱ्या रुग्णाला धाप लागते किंवा चक्कर येते.

तिसरा, व्यायाम थांबवल्यावरही ठोके लगेच उतरत नाहीत. ॲड्रिनॅलिन ओसरायला वेळ लागतो.

चौथा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. हृदयाच्या वेदना वाहून नेणारे तंतूही कापलेले असतात. त्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखेलच असे नाही. "छातीत दुखत नाही, म्हणजे सारे ठीक आहे" हा आपला नेहमीचा भरवसा या रुग्णांना लागू पडत नाही. म्हणूनच प्रत्यारोपण केंद्राने ठरवून दिलेल्या तपासण्या, काहीही त्रास नसला तरी, चुकवू नयेत.

थोडक्यात, निरोगी माणसाला त्याचे शरीर ज्या सूचना आपोआप देते, त्यांपैकी काही येथे येत नाहीत. त्यांची जागा आपल्याला सावकाश सुरुवात, सावकाश शेवट आणि नियमित नोंद यांनी भरून काढायची आहे.

रक्तदाब का वाढतो?

"हृदय नवे बसवले, मग रक्तदाब का वाढावा?" हा प्रश्न घरचे लोक नेहमी विचारतात. उत्तर औषधांत आहे. ज्या सायक्लोस्पोरिनने प्रत्यारोपण शक्य केले, तेच औषध मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि शरीरात मीठ व पाणी अडवून ठेवते. आज अधिक वापरले जाणारे टॅक्रोलिमसही हाच परिणाम, तुलनेने काहीसा कमी, घडवते. त्यात प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडची भर पडते. त्यामुळे प्रत्यारोपणानंतर पहिल्या काही वर्षांत बहुसंख्य रुग्णांना उच्च रक्तदाब होतो. तो रुग्णाच्या बेपर्वाईचा पुरावा नव्हे, म्हणून घरच्यांनी त्याला बोल लावू नये. आणि रक्तदाबाला घाबरून ही औषधे स्वतः कमी तर मुळीच करू नयेत. एखाद-दोन दिवसांचा खंडही शरीराला नवे हृदय नाकारण्याची संधी देऊ शकतो.

या रक्तदाबाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. आपला रक्तदाब रात्री झोपेत उतरतो. या रुग्णांपैकी अनेकांत तो रात्री उतरत नाही. दवाखान्यात दुपारी घेतलेल्या एका मोजणीवर म्हणूनच विसंबता येत नाही. सकाळ-संध्याकाळची नोंद लागते आणि काही वेळा डॉक्टर २४ तास दंडाला यंत्र बांधून रक्तदाब पाहतात.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही. पण तो मूत्रपिंडांवर, मेंदूवर आणि त्या दान मिळालेल्या हृदयावर रोज थोडाथोडा आघात करीत राहतो. मूत्रपिंडांना तर आधीच औषधांचा ताण असतो. साधारणतः १३०/८० च्या खाली राहावे असे उद्दिष्ट ठेवले जाते. तथापि आपल्या रुग्णासाठी नेमका आकडा कोणता, हे प्रत्यारोपण केंद्राकडून लिहून घ्यावे.

व्यायाम कसा करावा?

प्रत्यारोपणापूर्वी हा रुग्ण कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला असतो. स्नायू झिजलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडमुळे स्नायू आणि हाडे आणखी अशक्त होतात. नवे हृदय कितीही चांगले असले तरी पायांत बळ नसेल तर माणूस घराबाहेर पडू शकत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झालेला एक अभ्यास १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपण झालेल्या २७ रुग्णांपैकी १४ जणांना सहा महिने देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. श्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ती क्षमता व्यायाम करणाऱ्यांत ४९ टक्क्यांनी वाढली. इतरांत १८ टक्क्यांनी. काळ जाईल तसे बळ आपोआप थोडे येते. व्यायामाने ते कितीतरी अधिक येते.

रक्तदाबाबाबतही आशादायक पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये, प्रत्यारोपण होऊन बराच काळ लोटलेल्या रुग्णांना आठ आठवडे देखरेखीखाली जोरकस व्यायाम दिला गेला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १४२ वरून १२७ वर आला, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हा अभ्यास लहान होता आणि व्यायाम तज्ज्ञांसमोर झाला होता. त्यावरून गोळ्या बंद कराव्यात असा अर्थ कोणी काढू नये. व्यायाम गोळ्यांना साथ देतो, त्यांची जागा घेत नाही. तसेच, असा जोरकस व्यायाम घरी स्वतःच्या मनाने करू नये.

घरी करण्याजोगी पद्धत पुढीलप्रमाणे असते. आपल्या केंद्राने वेगळे सांगितले असेल, तर त्यांचाच शब्द प्रमाण मानावा.

*पहिले तीन महिने.* छातीच्या मधले हाड म्हणजे उरोस्थी. ते शस्त्रक्रियेत कापून पुन्हा तारेने बांधलेले असते आणि सांधायला साधारण ८ ते १२ आठवडे घेते. या काळात चार-पाच किलोंहून जड काही उचलू नये. पाण्याची भरलेली बादली, नातवंड आणि गॅसची टाकी यांना हात लावू नये. उठताना हातांनी पलंग रेटू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठावे. दुचाकी चालवू नये. घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा संथ चालणे एवढे या काळात पुरेसे असते. दर आठवड्याला ते थोडे वाढवावे.

*त्यानंतर.* आठवड्यातील पाच दिवस, रोज ३० मिनिटांपर्यंत चालणे हे ध्येय ठेवावे. त्याचे तीन भाग करावेत. पहिली ५ ते १० मिनिटे अगदी संथ, जणू देवळात प्रदक्षिणा घालतो आहोत अशी. मधला भाग थोडा वेगात. शेवटची ५ ते १० मिनिटे पुन्हा संथ. सुरुवात संथ असल्याने ॲड्रिनॅलिनला हृदयापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. शेवट संथ असल्याने पायांत रक्त साचून चक्कर येत नाही. मधला भाग एखाद्या दिवशी वगळला तरी चालेल, पहिला आणि शेवटचा भाग वगळू नये.

*वेग कसा ठरवावा?* नाडी मोजून नव्हे, कारण ती उशिरा चढते आणि उशिरा उतरते. मोबाइलवर किंवा मनगटी घड्याळावर दिसणारे 'लक्ष्य ठोके' या रुग्णांसाठी बनवलेले नाहीत. त्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हा योग्य वेग. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती वाटतात हे सांगण्यासाठी ६ ते २० अंकांची एक पट्टी तयार केली आहे. तिच्यावर ११ ते १३, म्हणजे 'हलके' ते 'थोडे श्रमाचे', एवढेच श्रम आरंभी असावेत. पुनर्वसन केंद्रातील फिजिओथेरपिस्टकडून ही पट्टी समजून घ्यावी.

*स्नायूंसाठी.* उरोस्थी पूर्ण सांधल्यावर आणि केंद्राची अनुमती मिळाल्यावर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे हलके व्यायाम जरूर करावेत. स्टेरॉइडने होणारी हाडांची झीज अशा व्यायामाने भरून निघण्यास मदत होते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात धरून हात वर-खाली करणे, यांसाठी व्यायामशाळेची गरज नाही. श्वास मात्र कधीही रोखू नये. दम धरून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. एकेक अंक मोठ्याने मोजत व्यायाम करावा. बोलणाऱ्याचा श्वास रोखला जात नाही.

*योगासने.* अनुलोम-विलोम श्वास न रोखता केल्यास हरकत नाही. कुंभक, शीर्षासन आणि जोराचे कपालभाती टाळावे. सूर्यनमस्कारांत हातांवर भार येतो आणि वाकून पटकन उठावे लागते. ते घालण्यापूर्वी केंद्राला विचारावे.

सोलापूरचे ऊन, धूळ आणि गर्दी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. या रुग्णांच्या अंगातील पाणी कमी झाले तर मूत्रपिंडांवर टॅक्रोलिमसचा दुष्परिणाम वाढतो आणि रक्तदाब एकदम खालीही येऊ शकतो. फेब्रुवारी ते जून सूर्य वर येण्यापूर्वीच चालणे उरकावे किंवा घरात फेऱ्या माराव्यात. दिवसाला किती पाणी प्यावे, याचा आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. तो प्रत्येकासाठी वेगळा असतो. रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे उन्हाने त्वचेचा कर्करोग होण्याचा धोकाही वाढतो. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी किंवा पदर ही सवय बारा महिने हवी.

चालण्यासाठी सपाट, मोकळी आणि कमी धुळीची जागा निवडावी. सिद्धेश्वर तलावाचा परिसर भल्या सकाळी शांत असतो. पण गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तोच भाग या रुग्णाने टाळावा. बांधकामाची धूळ, कबुतरांची विष्ठा, ओली माती आणि कुजका पालापाचोळा यांतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडताना मास्क लावावा. चालायला सोबतीला कोणी असावे. सोबत असली की बोलण्याची कसोटीही आपोआप होते.

ताटातील मीठ आणि औषधांचे कपाट

दिवसभरात सर्व पदार्थांत मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, यापेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची सर्वांसाठीची मर्यादा आहे. या रुग्णासाठी ती पाळणे अधिकच आवश्यक. आपली शेंगाची चटणी घरी कुटताना लसूण आणि जिरे वाढवून मीठ निम्मे करावे. चव फारशी बिघडत नाही. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि फरसाण हे सणापुरतेच ठेवावे. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. टॅक्रोलिमस आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळे रक्तातील पोटॅशियम आधीच वाढलेले असू शकते. म्हणून असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे या औषधांची रक्तातील पातळी वाढवतात, म्हणून ती वर्ज्य. काही प्रत्यारोपण केंद्रांच्या यादीत डाळिंबाचाही समावेश असतो. आपल्या जिल्ह्यात घरोघरी डाळिंब येते, म्हणून आपल्या केंद्राला याविषयी आवर्जून विचारावे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे, गुळवेल आणि तत्सम चूर्णे घेऊ नयेत. येथे प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर दाबून ठेवलेली आहे. ती वाढवणे म्हणजे नव्या हृदयाशी वैर करणे.

औषधांबाबत घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि रक्तदाबही वाढवतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांत रक्तवाहिन्या आकसवणारे औषध असते, त्याही टाळाव्यात.

घशाच्या साध्या संसर्गासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा रक्तदाबासाठी दिले जाणारे डिल्टियाझेम टॅक्रोलिमसची पातळी वाढवते. आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाताना म्हणूनच सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी आणि "प्रत्यारोपण झाले आहे" हे वाक्य प्रथम सांगावे. नव्या औषधासाठी केंद्राला दूरध्वनी करण्याचा आग्रह धरणे हा डॉक्टरांचा अपमान नाही.

शेजाऱ्याची रक्तदाबाची गोळी आपल्याला चालत नाही. 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळ्या ॲड्रिनॅलिनला अडवतात. श्रमाच्या वेळी नवे हृदय त्याच ॲड्रिनॅलिनवर अवलंबून असते. त्यामुळे या गोळ्यांनी चालण्याची ताकद घटू शकते. अर्थात तज्ज्ञांनी विचारपूर्वक दिलेली अशी गोळी स्वतःहून बंदही करू नये.

औषध दुकानदाराने टॅक्रोलिमसची कंपनी बदलून दिली तर घेऊ नये. कंपनी बदलली की रक्तातील पातळी पुन्हा तपासावी लागते. किमान पंधरा दिवसांचा साठा घरी असावा. आणि पातळी तपासण्याच्या दिवशी सकाळची मात्रा रक्त दिल्यानंतरच घ्यावी.

रक्तदाबाची वही

एक साधी वही घ्यावी. दर दिवशी तिच्यात पाच गोष्टी लिहाव्यात. सकाळचे वजन, सकाळचा रक्तदाब, संध्याकाळचा रक्तदाब, किती मिनिटे चाललो, आणि चालताना कसे वाटले. ही नोंद ठेवण्याचे काम घरातील एका व्यक्तीने अंगावर घ्यावे. पुणे येथून अडीचशे किलोमीटर अंतरावर आहे. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना जे दहा मिनिटांत दिसू शकत नाही, ते ही वही दाखवते.

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, कॉफी आणि व्यायाम नसावा. तंबाखू तर कधीच नको. लघवी करून यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला. पट्टा उघड्या दंडावर आणि योग्य मापाचा असावा. यंत्र चालू असताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. सकाळची मोजणी गोळ्या घेण्यापूर्वी करावी. आकडा चांगला यावा म्हणून पाच-सहा वेळा मोजून सर्वांत कमी आकडा लिहिणारे रुग्ण आम्ही पाहतो. अशी वही डॉक्टरांची नव्हे, स्वतःचीच दिशाभूल करते.

कधी थांबावे?

पुढीलपैकी काही आढळल्यास व्यायाम बंद करून त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा: ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर, काल सहज चाललेले अंतर आज जमत नाही इतका थकवा, रात्री उताणे झोपता न येणे, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढणे, पायांवर सूज, ठोके अनियमित वाटणे, रक्तदाब सलग काही दिवस ठरवलेल्या आकड्याच्या वर राहणे. अमलोडिपिन या गोळीनेही पायांवर सूज येते. पण तसे ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणे, असंबद्ध बोलणे किंवा झटका यांबरोबर रक्तदाब फार वाढलेला असेल, अथवा रुग्ण बेशुद्ध पडला, तर वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

यांतील 'काल जमले ते आज जमत नाही' हे लक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. छातीत न दुखणाऱ्या हृदयाची ती हाक असू शकते. रोज चालणाऱ्या आणि लिहून ठेवणाऱ्या माणसालाच ती ऐकू येते. जो अंथरुणातच असतो, त्याला आपली ताकद घटल्याचे कळणार कसे? म्हणून व्यायाम हा उपचार आहे, तशीच ती रोजची तपासणीही आहे.

इतर वाचकांसाठी

आपल्यापैकी बहुतेकांचे हृदय जन्मापासूनचेच आहे. तरीही वरील बरेच काही आपल्यालाही लागू पडते. साठीनंतर अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसावे, चालण्याची सुरुवात आणि शेवट संथ करावा, जड वस्तू उचलताना श्वास रोखू नये आणि रक्तदाब घरी नीट मोजून लिहावा. मधुमेहाच्या जुन्या रुग्णांनाही हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीत न दुखता येतो. त्यांनीही अकारण धाप आणि थकवा यांची दखल घ्यावी.

अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात. त्यांत हृदय बदललेली माणसे धावतात आणि पोहतात. आपल्या घरातील रुग्णाने तेवढे करावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. पण "तुम्ही बसा, काही करू नका" असे प्रेमापोटी सांगून त्याला खुर्चीत डांबूनही ठेवू नये. कुणाच्या तरी घरात दुःखाचा कडेलोट झालेला असताना त्या कुटुंबाने होकार दिला, म्हणून हे हृदय आपल्या घरी आले. त्याची काळजी घेण्याचा मार्ग साधा आहे. उद्या सकाळी रक्तदाब मोजावा, वहीत लिहावा, वेळेवर गोळी घ्यावी आणि रुग्णाबरोबर आपणही दहा मिनिटे संथ चालावे.